भूगोलाच्या वर्गातला सदतीस नंबर

कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी वाकून बाबांनी कारकुनाला सांगितलं, "सगळे लिहा," तेव्हा आमच्या मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मला त्या हसणाऱ्याचा राग आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कारण प्रश्न मला विचारला होता आणि मी मुकाट उभा होतो.

प्रश्न साधाच होता. बी.ए.चं पहिलं वर्ष, विषय कोणते? इंग्रजी आणि मराठी सगळ्यांनाच होतं. त्याखाली फॉर्मवर तीन ओळी कोऱ्या होत्या आणि त्या कोऱ्या असतात हे मला त्या दिवशीच समजलं. आमच्या कुही गावच्या शाळेत असलं काही नव्हतं. मास्तर वर्गात यायचे, जे शिकवायचे ते आम्ही शिकायचो.

"सगळे नाही घेता येत, बाबाजी," कारकून म्हणाला. "तीनच."

"मंग त्यातले चांगले चांगले तीन द्या," बाबा म्हणाले. इतवारीच्या बाजारात बियाणं घेतानाही ते दुकानदाराला असंच सांगत आणि दुकानदार त्यांना फसवत नसे.

कारकून बरा माणूस होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले आवड कशाची आहे गा?"

आता याला काय सांगायचं! आमच्या घरी आवड फक्त पाहुण्याला विचारत. घरच्या माणसाच्या ताटात जे पडेल ते तो खाई. अठरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी केला नव्हता आणि पहिल्यांदा केला तो एका अनोळखी माणसानं, खिडकीच्या गजांतून, मागे वीस पोरं उभी असताना. मी म्हटलं, "काहीही चालते."

त्यानं सुस्कारा सोडला, कानामागची पेन्सिल काढली आणि तीन ओळींवर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र लिहिलं. "ज्याचं काहीच ठरत नाही त्याले मी हे तीन देतो. पेन्सिलीनं लिहिले आहेत. ऑगस्टात फॉर्म युनिव्हर्सिटीले जाते, तेव्हा शाई लागते. तोवर ठरवजो."

बाबांना गणेशपेठच्या स्टँडवर एस.टी.त बसवून दिलं. खिडकीतून ते म्हणाले, "पोटभर जेवत जाय. आन नाही जमलं तं वापस ये. लाजू नको." गाडी गेली आणि मी तिथंच बराच वेळ उभा राहिलो. लाजू नको म्हटल्यावर माणूस जास्तच लाजतो. मनाशी ठरवलं की ऑगस्टपर्यंत त्या पेन्सिलीवर शाई चढवायची, ती आपल्या पसंतीची, नाहीतर सरळ गावी जाऊन नांगर धरायचा. उगाच भटकत बापाचं धान खायचं नाही.

महाल नावाच्या वस्तीत एका गल्लीत खोली मिळाली. खोलीत माझ्यासोबत सावनेरचा एक मुलगा होता. त्याचे वडील तिकडच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. तो मला कुहीवाला म्हणे, मी त्याला सावनेरवाला. वयानं एका वर्षानं मोठा, कारण एकदा नापास झाला होता, पण ते तो अशा थाटात सांगे की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी गमावलं असं वाटे. सीताबर्डीवरच्या सगळ्या टॉकीजच्या मॅटिनीच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. स्टोव्ह पेटवणं, इस्त्री न करता पँट गादीखाली दाबून कडक ठेवणं, मेसवाल्या बाईंना "वं काकू" म्हणून दोन पोळ्या जास्त मिळवणं, हे सगळं मला त्यानं शिकवलं. माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त भात चांगला शिजवत असे.

जुलैभर मी वर्गावर्गांतून हिंडलो. पेन्सिलीतल्या तीन विषयांना बसलोच, पण इतरही धुंडाळले. समाजशास्त्राच्या वर्गात पंखा होता, म्हणून दुपारी तो विषय फार पटे. तर्कशास्त्राचे सर इतके सुंदर बोलत की तास संपल्यावर सगळं समजलं असं वाटे आणि जिना उतरेपर्यंत काहीच आठवत नसे. पाली घेतलेली पाच-सहाच पोरं होती. त्यांच्या सरांनी मला दारात पाहिलं आणि "या, या, बसा," असं इतक्या आग्रहानं म्हटलं की मी घाबरून पळालो. अजून त्याची लाज वाटते, कारण माणूस एकटा पडला होता आणि मी लग्नाचं बोलावणं टाळावं तसा निघून आलो.

हे हिंडणं मला आवडत होतं हे मात्र कबूल करतो. सकाळी चनापोहा खाऊन निघायचं, हातात एकच वही, तिच्यात सगळेच विषय. सायकलींच्या गर्दीतून, चिंचेखालून, व्हरांड्यात दार उघडं दिसेल तिथं शिरायचं. कोणी हटकत नसे. आयुष्यात इतका मोकळा मी पुन्हा कधी नव्हतो. फक्त रात्री अंथरुणावर पडलो की दिवसभराच्या वर्गांची मोजदाद करी. सगळंच थोडं थोडं बरं वाटत होतं, म्हणजे कशाचीच आवड नव्हती. आवड नावाचा अवयव आपल्याला दिलाच नसेल, असं मला खरोखर वाटू लागलं होतं.

भूगोलाच्या वर्गात मी गेलो तो सावनेरवाल्यासाठी. त्यानं भूगोल घेतला होता, कारण नकाशे रंगवले की मार्क मिळतात असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पण तास दुपारी बाराचा आणि मॅटिनीही बाराची. "तुले काही काम नाही ना? मंग माझी हजेरी लावून देत जा न बे," तो म्हणाला. "सर नावं घेत नाहीत, नंबर घेतात. माझा सदतीस. सदतीस म्हटलं की यस सर म्हणजो, बस."

याला आम्ही प्रॉक्सी म्हणत असू आणि त्यात पाप आहे असं कोणाला वाटत नसे. चार आण्याचा चहा पाजला की कोणीही कोणासाठीही यस सर म्हणे. फक्त ती प्रॉक्सी मारून मागच्या दारानं सटकायची रीत होती. माझी चूक एवढीच झाली की मी सटकलो नाही.

भूगोलाचे सर बुटके, गोरे, पांढऱ्या शर्टावर कायम रंगीत खडूची भुकटी. वर्ग लहान होता, कारण नकाशे काढायच्या उतरत्या टेबलांवर चाळीसच पोरं मावत. पहिल्या दिवशी मी सदतीसला यस सर म्हणालो आणि मागे बसून ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी सावनेरवाला म्हणाला की आज पिक्चर नाही, मी जातो. मी म्हटलं, "राहू दे, मी जातो."

मग एके दिवशी सरांनी फळ्यावर आपलाच जिल्हा काढला. पश्चिमेला तपकिरी खडू फिरवला, म्हणाले, "ही कापसाची काळी जमीन." पूर्वेला पिवळा फिरवला. "ही धानाची. मौदा, कुही, भंडाऱ्याकडे." आणि पुढे जाऊ लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "इतकीच नाही, सर."

वर्ग मागे वळला. मी उभा राहिलो. डोकं तापलं होतं. आमच्या सगळ्या रानाला त्या माणसानं एका खडूत उरकलं होतं! मी सांगितलं की आमच्या एका शेतात चार जमिनी आहेत. कन्हार काळी आणि जड, ओली असली की पायातली चप्पल ठेवून घेते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. मोरांड तिच्याहून हलकी, तिच्यात धान निघाल्यावरही ओल राहते, म्हणून धान कापायच्या आधीच तिच्यात जवस आणि लाखोरीच्या डाळीचं बी फेकतात. सिहार पिवळसर आणि रेताड, तिला बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी जवळ लागतं. आणि खरडी मुरमाड. तिच्यात काय पेरायचं यावर माझ्या बापाचं आणि काकाचं बारा वर्षांपासून पटत नाही.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पिवळा नकाशा पुसला, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काढ. कुठे काय आहे ते काढ." मी गावाजवळची नदी काढली, बोडी काढली, उतार काढला, आणि उतारावरून खाली येताना माती कशी बदलत जाते ते काढलं. काढता काढता माझ्या लक्षात आलं की वर खरडी आणि खाली कन्हार का, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. पाणी बारीक माती खाली वाहून नेतं, म्हणून. हे मला तिथं, फळ्यासमोर, पाठीमागे सर उभे असताना कळलं. मी लहानपणापासून ज्याच्यावर चालत होतो त्याला कारण होतं.

"सदतीस," सर म्हणाले, "या चारी प्रकारची माती मला आणून दाखवशील?"

रविवारी गावी गेलो. बाबा बांधीत, धानाच्या वाफ्यात, रोपं रोवत चिखलात उभे होते. त्यांना सांगितलं की सरांना माती पाहिजे.

"काहून? त्यायच्याकडे शेती नाही काय?"

"नाही. पोरांले दाखवायची आहे."

"पोरायनं माती पाहिली नाही?" बाबा चिखलात उभे राहून विचारात पडले. मग हात धुऊन वर आले आणि माझ्यासोबत सगळं रान फिरले. प्रत्येक ठिकाणी वरची माती बाजूला सारून खालची मूठ काढली, बोटांत चोळली, नको वाटली तर टाकून दुसरी घेतली. मायनं जुन्या लुगड्याचे चार तुकडे फाडून दिले. चार गाठोडी घेऊन मी एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं काय आहे, मी म्हटलं माती, तर त्याला वाटलं मी त्याची मस्करी करतो आहे.

सरांनी ती गाठोडी टेबलावर सोडली आणि तासभर दुसरं काही शिकवलंच नाही. "सदतीसनं आणली," असं ते दर दोन वाक्यांनंतर म्हणत होते. मला गुदगुल्या होत होत्या आणि भीतीही वाटत होती. आवड म्हणतात ती हीच असावी, हे कळलं होतं. पण ती सापडली होती दुसऱ्याच्या नावावर.

ऑगस्टात बोर्डावर नोटीस लागली की विषय बदलायला शनिवार शेवटचा. मी खिडकीशी गेलो आणि या वेळी न विचारता सांगितलं, "अर्थशास्त्र खोडा, भूगोल लिहा."

कारकुनानं रजिस्टर उघडलं. "भूगोल भरला. चाळीस झाले. टेबलच नाही बाप्पा, कुठं बसवू?"

खोलीवर येऊन मी वही कोपऱ्यात फेकली. सावनेरवाला दाढी करत होता. त्यानं आरशातून दोनदा काय झालं विचारलं आणि तिसऱ्यांदा वस्तरा खाली ठेवून वळला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, टेबलही नाही, आणि असतं तरी सरांकडे कोणत्या तोंडानं जाऊ? ते मला तू समजतात.

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "मंग माझंच टेबल घे न बे. मले दे तुहं अर्थशास्त्र. तिथं शंभर पोरं असतात, हजेरी घेता घेताच मास्तरचा तास संपते."

"खरं बोलतो?"

"मी त्या टेबलावर एकदाच बसलो आहे, लेका. मले तं रंगसुद्धा घ्या लागले नाहीत अजून." त्यानं पुन्हा वस्तरा उचलला. एवढी मोठी गोष्ट त्यानं अर्ध्या गालाला साबण असताना देऊन टाकली. मी त्याला त्या रात्री भातात तूप जरा जास्त घातलं, त्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

अदलाबदल चालते, कारकून म्हणाला, पण भूगोलाच्या सरांची सही आणा. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं सरांपुढे उभे राहिलो. सरांनी अर्ज वाचला, मला पाहून हसले, मग अर्ज पुन्हा वाचला. हसू हळूहळू गेलं.

"तुमच्यात सदतीस कोण?"

आम्ही दोघांनीही हात वर केले. मग दोघांनीही खाली घेतले.

मी सगळं सांगून टाकलं. सावनेरवाला मध्येच म्हणाला, "सर, चूक माझी आहे, मीच त्याले पाठवलं." सरांनी अर्ज टेबलावर ठेवून शाईच्या दौतीखाली दाबला. रागावलेल्या माणसाला मी तोवर ओरडतानाच पाहिलं होतं.

"मला राग कशाचा आला माहीत आहे?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी घरी सांगितलं होतं. बायकोला. की यंदा एक सदतीस नंबर आला आहे म्हणून."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सरांनी हजेरीचं रजिस्टर काढलं आणि लाल पेनानं सदतीस नंबरच्या ओळीतली एकेक हजेरी खोडली. जुलैपासूनची सगळी. "ही याची नाही, कारण हा नव्हता. तुझी नाही, कारण तेव्हा तुझं नाव नव्हतं. आज तास नाही, तुझी सोमवारपासून सुरू. तीन चतुर्थांश हजेरी लागते, आणि चुकवायचे जेवढे दिवस होते ते तुझे संपले. दिवाळीची सुटी सोडून एक दिवस जरी गेलास तरी परीक्षेला बसू देणार नाही. कबूल?"

"कबूल, सर."

त्यांनी सही केली. अर्ज खाली कारकुनाकडे नेला. त्यानं खोडरबरानं अर्थशास्त्र घासलं, फुंकर मारली आणि शाईनं भूगोल लिहिलं. आम्ही बाहेर आलो आणि सावनेरवाल्यानं मला भर रस्त्यात उचललं. सीताबर्डीपर्यंत आम्ही एका सायकलवर गेलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यासोबत मॅटिनी पाहिली, पिक्चर काय होता ते अजिबात आठवत नाही, पण मी सारखा हसत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. हे सांगायला मी सकाळच्याच एस.टी.नं गावी गेलो. बाबा बोडीच्या पाळीवर उकिडवे बसून पाणी किती चढलं ते पाहत होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. प्रॉक्सीचंही सांगितलं, सरांच्या बायकोचंही. बाबा ऐकत राहिले. मातीचा अभ्यास करायचा आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, तेही बरं म्हणाल्यासारखी. मग मी हजेरीचं सांगितलं.

"म्हंजे दिवाळीनंतर कामाले येता येत नाही?"

"दिवाळीत येतो. मंग रविवार सोडला तं थेट उन्हाळ्यात."

"उशिराचं भारी धान तं दिवाळीनंतर निघते."

"हो."

बाबांनी पाण्यात एक खडा टाकला. यंदा त्यांनी सालदार, म्हणजे पाडव्याला ठरतो तो वर्षाचा गडी, ठेवला नव्हता. ते मला पाडव्यापासून दिसत होतं, रोवण्यात एकटे राबताना दिसलं होतं, पण का ते मी कधी विचारलं नव्हतं. आता ते स्वतःच बोलले, माझ्याकडे न पाहता.

"मी यंदा माणूस ठेवला नाही. मले वाटे, तुले तिकडे करमणार नाही, काही ठरणार नाही, तं दिवाळीपर्यंत तू वापस येशीन. तुही जागा धरून ठेवली होती."

आनंद होता, तो कुठं गेला नव्हता. पण त्याच्याखाली एवढं मोठं काहीतरी असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मी विचारू का सरांले, आठ दिवस..."

"नाही," बाबा म्हणाले. "त्या माणसानं घरी सांगतलं होतं तुह्याबद्दल. आता पुन्हा खोटा पडला नाही पाहिजे तो."

ते उठले, धोतराची माती झटकली आणि गावाकडे चालू लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, म्हणाले, "तू घरी जाय, मायनं जेवण करून ठेवलं असन. मी माणूस ठरवून येतो."